चालकांचा तुटवडा आणि कामाच्या शोधातील चालक



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता एका विसंगतीचा आहे. देशात ट्रकचालकांचा मोठा तुटवडा आहे, असे वाहतूक व्यवसायाचे प्रतिनिधी गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत. २०२५ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी हा तुटवडा सुमारे २२ लाखांचा असल्याचे म्हटले. याच काळात जड वाहनाचा परवाना खिशात असलेला एखादा तरुण ट्रान्सपोर्टनगरातील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत असतो, आणि “अनुभव किती?” या एकाच प्रश्नापाशी त्याची वाट अडते. मालकाच्या अंगणात गाडी उभी आहे आणि फाटकाबाहेर ती चालवू इच्छिणारा माणूस उभा आहे. मग नेमके कमी काय आहे, हे शोधण्याचा प्रयत्न आपण करणार आहोत.

शब्दांशी नित्याचा व्यवहार असल्यामुळे मला प्रथम ‘तुटवडा’ या शब्दाकडेच पाहावेसे वाटते. आपण हा शब्द, किंवा त्याचा सोबती ‘टंचाई’, बहुधा धान्याला आणि पाण्याला लावतो. पाण्याची टंचाई दोन प्रकारची असते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाऊसच पडला नाही म्हणजे होते ती एक, आणि बंधारा भरलेला असूनही पाटाला जागोजागी भगदाडे पडल्यामुळे शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही ती दुसरी. दोन्हींत पीक वाळते. परंतु दोन्हींवरचा उपाय एक नाही. चालकांची टंचाई यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे ठरविल्यावाचून केवळ आकडा सांगून आपले फारसे हित होणार नाही.

अर्थशास्त्राच्या साध्या विचारानुसार एखाद्या कामाला माणसे मिळेनाशी झाली की त्या कामाचा मोबदला वाढतो, अटी सुधारतात आणि माणसे पुन्हा येऊ लागतात. हे जेव्हा वर्षानुवर्षे घडत नाही, तेव्हा ‘माणसे नाहीत’ या विधानाचा खरा अर्थ ‘या वेतनात आणि या परिस्थितीत राहतील अशी माणसे नाहीत’ असा घ्यावा लागतो. अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे १९८० च्या कायद्याने मालवाहतुकीवरील जुनी नियंत्रणे सैल झाली, स्पर्धा वाढली, भाडी उतरली आणि त्यांच्याबरोबर चालकांची मिळकतही खालावली. तेव्हापासून तेथील वाहतूकदारांची संघटना वारंवार तुटवड्याची हाक देत आली असून २०२१ साली तिने तो ८०,००० चा सांगितला. परंतु त्याआधी, २०१९ साली, अमेरिकी सरकारच्या श्रम-सांख्यिकी विभागाच्या मासिकात स्टीफन बर्क्स आणि क्रिस्टन मोनॅको या अभ्यासकांनी असे दाखविले होते की, चालकांची बाजारपेठ एकंदरीने इतर श्रमबाजारांसारखीच चालते आणि कायमच्या तुटवड्याचा पुरावा त्यांना आढळत नाही. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत मात्र चालक येतात आणि वर्षाच्या आत निघून जातात. तेथील गळती वर्षाला शेकडा नव्वदच्या आसपासही जाते. पाटाच्या भगदाडांची उपमा येथे अक्षरशः लागू पडते.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडील ट्रक-व्यवसाय फार विखुरलेला आहे. बहुसंख्य गाड्या एक, दोन किंवा चार-पाच गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या आहेत आणि त्यांतील अनेक गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. हप्त्याची तारीख टळत नाही. भाडे मात्र दलाल आणि मोठा वाहतूकदार ठरवितो. डिझेल, पथकर, विमा, टायर आणि हप्ता यांपैकी एकही खर्च मालकाला आपल्या मर्जीने कमी करता येत नाही. जो एकच खर्च त्याच्या हाती उरतो तो चालकाचा. म्हणून मालकाला केवळ निर्दय ठरवून हा प्रश्न सुटत नाही. तोही पुष्कळदा कालपर्यंत चालकच होता.

या व्यवसायात शिरण्याची जुनी वाट शाळेतून जात नसे, ती क्लीनरच्या जागेवरून जाई. गावचा, नात्यातला किंवा ओळखीचा मुलगा उस्तादाबरोबर गाडीवर निघे. टायर ठोकून हवेचा अंदाज घेणे, ताडपत्री ताणून दोर आवळणे, भार कोणत्या चाकावर जास्त पडतो हे ओळखणे, कसाऱ्यासारखा घाट उतरताना ब्रेक तापू न देता गिअरवर गाडी धरणे, नाक्यावर कोणता कागद पुढे करायचा हे जाणणे, या गोष्टी तो दोन-चार वर्षांत पाहून पाहून शिके. मग एखाद्या रात्री सरळ, मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती गाडी देई. या पद्धतीत शोषण होते, मारहाणही होती, आणि ती कायद्याला धरून नव्हतीच. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ती एक शाळा होती. खर्च वाचविण्यासाठी अलीकडे अनेक गाड्यांवरून क्लीनर गेला आणि त्याबरोबर ही शाळाही मिटत चालली. तिची जागा घेईल अशी दुसरी शाळा त्या प्रमाणात उभी राहिली नाही.

कायद्याची वाट पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहन चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि तत्पूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष असावा लागतो. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती. हरियाणातील मेवातसारख्या भागांत, जेथे पिढ्यान्‌पिढ्या लोक ट्रक चालवून पोट भरतात पण शिक्षण कमी आहे, ही अट अन्यायकारक ठरत होती. २०१९ साली ती काढून टाकण्यात आली. हे योग्यच झाले. तथापि दार रुंद केल्याने आतली खोली मोठी होत नाही. १९८९ च्या नियमांनी मोटार-शाळेतील जड वाहनाच्या शिक्षणासाठी निदान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालविण्याचे १५ तास ठरविले. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी ३८ तासांचा अभ्यासक्रम आखण्यात आला, परंतु अशी केंद्रे अजून मोजकीच आहेत. पंधरा तास चक्र हाती धरलेल्या तरुणाला लाखो रुपयांची गाडी, तितक्याच मोलाचा माल आणि रस्त्यावरच्या माणसांचे प्राण सोपविण्यास मालक कचरतो, हे समजण्यासारखे आहे. अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही, असे हे कोडे आहे. मालकाला अनुभवी चालक हवा असतो, पण त्याला अनुभवी करण्याचा खर्च प्रत्येकाने दुसऱ्यावर टाकलेला असतो.

जे अनुभवी आहेत ते तरी या व्यवसायात का टिकत नाहीत? सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शेकडा ऐंशीहून अधिक चालकांनी सांगितले की, आपल्या नातलगांना आपण या धंद्यात येण्याचा सल्ला देणार नाही. ज्या व्यवसायात पुतण्या काकाचे बोट धरून येत असे, तेथे काकाच त्याला परतवून लावू लागला, तर पुढच्या पिढीचा ओघ आटणारच.

याची कारणे गूढ नाहीत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली होती. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक, म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज सर्वाधिक, तो बहुधा त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. कागदावरील तास आणि रस्त्यावरील तास यांतील अंतर मात्र संहितेने आपोआप मिटत नाही. चालकाला महिन्याचे निश्चित वेतन नसून खेपेवर मोबदला मिळत असेल, तर विश्रांती घेणे म्हणजे स्वतःची मिळकत कापणे ठरते.

त्यातही सर्वांत मोठी नासाडी प्रतीक्षेची आहे. माल भरण्यासाठी कारखान्याच्या फाटकाबाहेर एक दिवस, उतरविण्यासाठी गोदामाबाहेर दुसरा दिवस, परतीच्या मालासाठी आणखी दोन दिवस. आणि या दिवसांचा भत्ता अनेकदा ठरलेलाच नसतो. क्षणभर असे समजा की, एखादा चालक महिन्यातील २५ दिवस गाडीवर असतो आणि त्यांतील १० दिवस थांबण्यात जातात. हे १० दिवस ५ वर आणले, तर चालविण्याचे दिवस १५ चे २० होतात. म्हणजे तीन चालक चारांचे काम करतात आणि त्यासाठी कोणालाही जास्त वेगाने गाडी हाकावी लागत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर अनेक राज्यांच्या सीमेवरील नाके उठले आणि तेथील खोळंबा कमी झाला. हेच कारखान्यांच्या फाटकांवर का घडू नये? चालकांच्या तुटवड्याचा काही भाग हा वस्तुतः चालकांच्या वेळेच्या उधळपट्टीचा आहे.

उरलेला भाग सन्मानाचा आणि भयाचा आहे. जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशात अनेक ठिकाणी चालकांनी गाड्या उभ्या केल्या. अपघातानंतर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्याला न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास, अशी तरतूद भारतीय न्याय संहितेत करण्यात आली होती. ठोकरलेल्या माणसाला रस्त्यावर टाकून जाणे हा गंभीर गुन्हा आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु चालकांचे म्हणणे असे होते की, थांबलो तर जमाव मारील आणि पळालो तर कायदा. सरकारने चर्चा केली, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम मागे ठेवण्यात आले. चालकाच्या कक्षात उन्हाळ्यात किती उष्णता असते याची दखलही उशिराच घेतली गेली. नव्या ट्रकांच्या चालक-कक्षात वातानुकूलन अनिवार्य करणारी अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. स्वच्छ स्नानगृह, सुरक्षित वाहनतळ आणि निर्धास्त झोप या गोष्टी वेतनाइतक्याच महत्त्वाच्या आहेत, हे ज्याने एक रात्र तरी पंपाच्या आवारात डिझेलच्या टाकीवर डोळा ठेवून काढली आहे त्याला पटवावे लागणार नाही.

येथवरच्या विवेचनातून निष्कर्ष असा निघतो की, तुटवडा खोटा नाही, पण तो माणसांचा कमी आणि शिकविण्याच्या सोयीचा, टिकविण्याच्या इच्छेचा आणि वेळेच्या नियोजनाचा अधिक आहे. नव्या संस्था काढून लाखो तरुणांना परवाने दिले आणि व्यवसाय होता तसाच ठेवला, तर भगदाडे न बुजविता पाटात अधिक पाणी सोडल्यासारखे होईल.

तथापि व्यवस्था सुधारेपर्यंत ज्याला चूल पेटवायची आहे त्याने काय करावे? या श्रोतृवृंदात जे तरुण आहेत त्यांना मी काही व्यावहारिक गोष्टी सांगू इच्छितो. पहिली गोष्ट, एकदम मोठ्या गाडीच्या मागे लागू नये. ७,५०० किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीसाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘छोटा हत्ती’ किंवा पिकअप शहरात वर्ष-दोन वर्षे बिनतक्रार चालविली, तर ‘अनुभव किती?’ या प्रश्नाला उत्तर मिळते आणि शब्द टाकणारा माणूसही मिळतो. दुसरी गोष्ट, वेगळे कौशल्य मिळवावे. घातक रसायनांचे टँकर चालविण्यासाठी विशेष प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. ती ज्याच्यापाशी आहे त्याला फाटकाबाहेर कमी काळ उभे राहावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काम मिळाल्याच्या आनंदात अटी विचारण्याचे टाळू नये. वेतन महिन्याचे की खेपेचे? गाडी थांबली तर दिवसाचा भत्ता किती? डिझेलचा हिशोब कोणत्या सरासरीने? नासधूस झाली तर कापणी कोणाकडून? अपघाती विमा आहे काय? जादा भाराचा दंड कोण भरणार? २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये इतका आहे, म्हणून वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये. मोठी उचल घेऊ नये. उचलीने बांधलेला चालक वाईट मालकाला सोडू शकत नाही. परवान्याची नक्कल द्यावी, मूळ परवाना आपल्यापाशीच ठेवावा. तास, मैल आणि मिळालेली रक्कम रोज वहीत लिहावी. तंटा झाला तर ती वही उपयोगी पडते, आणि तंटा झाला नाही तरी आपल्या एका तासाची किंमत किती, हे तिच्यावरून कळते.

आणि मालकवर्गाला एवढेच विनवावेसे वाटते की, तुटवड्याचा आकडा सांगताना शेजारी आणखी तीन आकडे मांडावेत: गेल्या वर्षी किती चालक सोडून गेले, किती नवशिक्यांना आपण अनुभवी चालकाच्या शेजारी बसवून शिकविले, आणि फाटकाबाहेर त्यांचे किती दिवस गेले. हे तीन आकडे समोर आले म्हणजे पहिल्या आकड्यावर उपाय शोधणे सोपे होईल.