तिकीट कोण वाटतो?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मतदानाच्या दिवशी आपण बोटाला शाई लावून घरी येतो आणि म्हणतो, राजा मी निवडला. खरे आहे का हे? यंत्रावर जी नावे होती ती तिथे कोणी लिहिली? तुमच्या गावाला कोणी विचारले होते? तिकिटे मुंबईत नाहीतर दिल्लीत वाटली जातात आणि त्यातले एक बटण आपण दाबतो. बाजारात व्यापारी दोनच, दोघांचा भाव एकच, आणि वर सांगायचे की शेतकऱ्याला माल कुणालाही विकायची मोकळीक आहे!

अमेरिकेत या आधीच्या पायरीवरही मतदान होते. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे साधा मतदार मत देऊन ठरवतो. त्याला तिकडे प्रायमरी म्हणतात. नियम प्रत्येक राज्याचा वेगळा. कुठे पक्षाच्या नावाने नोंद असलेल्यालाच मत देता येते, कुठे कोणालाही. ऐकायला ही कारकुनी बाब वाटते. पण याच पायरीवरून तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी एक अख्खे राज्य ताब्यात घेतले होते. ती गोष्ट आज सांगतो.

राज्याचे नाव नॉर्थ डाकोटा. पाऊस कमी, थंडी कडाक्याची, पीक मुख्यतः गहू. गहू जायचा शेजारच्या राज्यात, मिनियापोलिसच्या गिरणीवाल्यांकडे. शेतकऱ्याकडून खालच्या प्रतीचा म्हणून घेतलेला गहू गोदामातून बाहेर पडताना वरच्या प्रतीचा होई. कापसाची गाडी घेऊन ग्रेड ऐकायला ज्यांनी ताटकळत रात्र काढली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. शेतकऱ्यांचे मागणे एवढेच होते की राज्याने स्वतःचे गोदाम बांधावे. मतदारांनी दोनदा त्याला कौलही दिला. तरी १९१५ साली विधिमंडळाने ते फेटाळले. एका आमदाराने गाऱ्हाणे घेऊन आलेल्यांना, घरी जाऊन डुकरांना खायला घाला, असे सुनावल्याची बोलवा झाली. आपण असे बोललोच नाही, असे तो नंतर म्हणत राहिला. पण गावोगाव लोकांनी ऐकायचे ते ऐकले होते.

त्याच वर्षी आर्थर टाउनली नावाचा माणूस पुढे आला. जवसाच्या शेतीत दिवाळे निघालेला. फोर्ड गाडी घेऊन तो वस्तीवस्तीवर फिरला आणि नॉन-पार्टिझन लीग उभी केली. वर्गणीला रोख नसेल तर सुगीनंतरच्या तारखेचा चेक घ्यायचा. शेतकऱ्याच्या खिशात पैसा कधी येतो हे दिवाळे निघालेल्यालाच बरोबर कळते!

आता डाव बघा. टाउनलीने नवा पक्ष काढला नाही. राज्यात रिपब्लिकन पक्षाचे वजन एवढे, की त्याचा उमेदवार झाला म्हणजे निवडणूक संपलीच. पूर्वी हा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरे, आणि त्याच्या दोऱ्या मॅकेन्झी नावाच्या, रेल्वेवाल्यांच्या मर्जीतल्या पुढाऱ्याच्या हातात असत. पण १९०७ च्या कायद्याने राज्यात प्रायमरी आली होती. दार उघडे होते, आत शिरायचे कोणाला सुचले नव्हते एवढेच. फेब्रुवारी १९१६ मध्ये एकाच दिवशी गावोगाव बैठका झाल्या आणि शेतकऱ्यांनी आपली माणसे आपण निवडली. गव्हर्नरपदासाठी नाव निघाले लिन फ्रेझियर या शेतकऱ्याचे. जूनमध्ये त्याने रिपब्लिकन प्रायमरी मारली, नोव्हेंबरात गव्हर्नर झाला. १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक निघाली, पुढे पिठाची गिरणीही. १९२१ मध्ये विरोधकांनी परत बोलावण्याचे मतदान घेऊन फ्रेझियरला खाली खेचले, पण बँक आणि गिरणी आजही चालू आहेत.

सरकारने बँक आणि गिरणी चालवावी की नाही, यावर इथे बसलेल्यांत दोन मते असतील. माझेही मन त्याबाबत साशंक आहे. तो वाद आज नको. आणि डाव सगळीकडे साधला असेही नाही. शेजारच्या मिनेसोटात १९१८ च्या प्रायमरीत लीगचा माणूस पडला. मग तिथे वेगळा पक्षच काढावा लागला.

हीच पायरी माणसाला बाहेर ठेवायलाही वापरली गेली, तीही कापसाच्या मुलखात. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरला की निकाल ठरला. १९२३ साली कायदा झाला की त्या प्रायमरीत काळ्या माणसाने मत द्यायचे नाही. नोव्हेंबरात खुशाल द्यावे! १९२७ मध्ये कोर्टाने कायदा मोडला, तर पुढाऱ्यांनी तोच नियम पक्षाचा खासगी नियम म्हणून आणला, आणि १९३५ मध्ये कोर्टाने तो चालवूनही घेतला. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ लढले, तेव्हा १९४४ साली ही 'गोरी प्रायमरी' बंद पडली. एकवीस वर्षे काळ्या माणसाचे मत आधीच्या पायरीवर अडवून ठेवले होते.

अलीकडचे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. २०१० मध्ये तिथल्या मतदारांनी नवा नियम केला : सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत, मत कोणीही कोणालाही द्यावे, पहिले दोन पुढे जातील. मतदाराला मोकळीक मिळाली हे खरे. पण ग्रीन, लिबर्टेरियन असे छोटे पक्ष पहिल्या दोनात क्वचितच येतात. मोठ्या पदांच्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरून त्यांची नावे जवळपास पुसली गेली. मोठेही फसले. २०१२ मध्ये एकतिसाव्या मतदारसंघात डेमोक्रॅटांचे चार जण उभे राहिले, मते फुटली आणि पुढे गेले दोघेही रिपब्लिकन. त्याच मतदारसंघाने त्याच नोव्हेंबरात बहुमत ओबामांना दिले!

आपल्याकडे २०१४ साली काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत असा प्रयोग केला. त्यात वर्धा आणि लातूर होते. पण मत कोणाला? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. त्या पक्षाला वर्षानुवर्षे मत देणारा कास्तकार बाहेरच राहिला. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. त्याला कारणे पुष्कळ होती, प्रयोगाला सगळा दोष देणार नाही.

आता आपले घर पाहू. बाजार समितीला आपले पॅनल कोण ठरवते? जिल्ह्यातले आम्ही चार-पाच जण, रात्री उशिरा, कोणाच्या तरी ओसरीवर. मीही त्यात असतो. जेवणानंतर तालुकावार बसाल तेव्हा तीन गोष्टी ठरवून आणा. मत बिल्लाधारकालाच, की त्याच्या घरातल्या बाईलाही, जिच्या नावावर सातबारा नाही? नवा सदस्य किती दिवस आधी आलेला असावा? आणि एका जागेसाठी पाच जण उभे राहिले, कोणालाच निम्मी मते पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मत घ्यायचे का? प्रत्येक तालुक्याने उत्तरे कागदावर लिहून चार वाजेपर्यंत इथे आणून द्यावीत.