पडद्यामागची उमेदवारी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त श्रावणात सोसायटीची सहल कपिलधारला गेली होती. तेथे दुपारच्या जेवणानंतर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन झालं, धबधबा बघून झाला, पोटभर जेवणही झालं. अशा वेळी भाषण ऐकवणं म्हणजे श्रोत्यांवर अन्यायच. पण सचिवांनी विषय दिला आहे आणि वेळही बांधून दिली आहे. विषय असा की, टीव्हीच्या एडिटिंगमध्ये उमेदवारी करणं म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या मुलांना तिकडं पाठवावं का? आपल्या सोसायटीतल्या तीन-चार घरांत सध्या हाच वाद चालू आहे, म्हणून मला उभं केलंय.

मी आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासलेला माणूस. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझ्या मुलीचा मुलगा बी.ए. झाल्यावर मुंबईत अंधेरीला ही उमेदवारी करत होता. तेव्हा मी त्याच्याकडं महिनाभर राहिलो, त्याच्या एडिट रूममध्ये कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो आणि सवयीप्रमाणे प्रश्न विचारत राहिलो.

आधी हे काम काय ते समजून घेऊ. आज सकाळी धबधब्यापाशी निम्म्या लोकांच्या हातात मोबाईल होते. समितीच्या एका सदस्यांनी तर पाण्यासमोर उभं राहून सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास सांगितला. घरी गेल्यावर ते ऐकून बघा. अर्धं बोलणं पाण्यात बुडालेलं असणार. समजा त्यातलं एखादं चुकलेलं वाक्य कापून टाकलं, तर पुढचं-मागचं बोलणं जुळेल, पण मागचा पाण्याचा आवाज त्या ठिकाणी टक्कन उडी मारेल. डोळ्यांना एक वेळ कळणार नाही, कानाला लगेच कळतं. म्हणून जाणकार लोक काय करतात, तर बोलणाऱ्याच्या कॉलरला छोटा माईक लावतात. शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता पाण्याचा आवाज भरून घेतात. नंतर तो आवाज सगळ्या बोलण्याखाली सलग अंथरतात, म्हणजे जोड झाकले जातात. शूटिंगनंतरच्या अशा सगळ्या कामांना पोस्ट-प्रॉडक्शन म्हणतात. चित्र कापणं, आवाज बसवणं, डबिंग, संगीत, रंग सारखे करणं, नावं टाकणं, शेवटी तपासणी आणि मग चॅनेलला पाठवणं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ मध्ये रंग आले, १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली, १९८७ मध्ये ‘रामायण’. त्या काळात एडिटिंग टेपवर चालायचं. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर एकेक शॉट ओळीनं उतरवायचा. मध्येच एखादा शॉट वाढवायचा म्हटला तर पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. पुढे संगणक आला आणि हे कष्ट गेले, पण कामाचा रेटा वाढला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं, आणि मराठीत रोजच्या मालिकांचं युग सुरू झालं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण २२ मिनिटं मालिका असते. आपल्याकडं टीव्हीवर एका सेकंदाला २५ चित्रं धरतात. म्हणजे एका भागाची झाली ३३,००० चित्रं. उद्या पुन्हा तेवढीच. प्रेक्षक वाट बघत बसलेला असतो, त्यामुळे ‘आज सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं सांगता येत नाही!

हे शिकायचं कुठं? पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. १९७४ मध्ये टीव्हीचं शिक्षणही दिल्लीहून तिथं आलं. व्हिडिओ एडिटिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिथं आहे, पण जागा मोजक्या. बाकीची मुलं शिकतात ती उमेदवारी करून, एखाद्या एडिटरच्या हाताखाली.

आमच्या नातवाला पहिले चार महिने एडिटिंगला हात लावू दिला नाही. त्याचं काम काय, तर सेटवरून कॅमेऱ्याची कार्डं आली की त्यांतलं सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवायचं. दोन्ही प्रती मूळ कार्डाशी ताडून बघायच्या. तारीख, भाग, सीन, टेक अशी नावं द्यायची. क्लॅपच्या आवाजावरून चित्र आणि आवाज जुळवायचे. कुठला टेक दिग्दर्शकानं पसंत केला, कुठं विमानाचा आवाज आला, हे सगळं लिहून ठेवायचं. फोनवर रडकुंडीला येऊन आईला म्हणायचा, ‘मी कारकुनी करायला आलोय का इथं?’

मी गेल्यावर माझ्यापाशीही त्यानं हेच गाऱ्हाणं मांडलं. मी त्याला म्हणालो, ‘अरे, कार्ड म्हणजे काउंटरवर आलेली कॅश. तू नावं देतोस ते व्हाऊचर नंबर. ताडून बघतोस ती टॅली. दोन डिस्क म्हणजे स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या, एकाच माणसाकडं कधी द्यायच्या नाहीत.’ तो हसला, म्हणाला, ‘आबा, तुम्हाला सगळीकडं बँकच दिसते.’

मी तिथं असतानाच एके रात्री साडेअकराला एक डिस्क बसली. आतून नुसता टकटक आवाज, उघडेचना. तिच्यात दोन दिवसांचं शूटिंग होतं. सेट मोडलेला, एक कलाकार गावी गेलेला. कार्डं तर पुसून पुन्हा सेटवर गेली होती. एडिटर उभा राहिला आणि त्यानं एवढंच विचारलं, ‘दुसरी कॉपी ताडून बघितली होतीस का?’ आमच्या पोरानं वही पुढं केली. तारीख, वेळ, सही. दुसरी डिस्क कपाटातून काढली, उघडली, सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी भाग वेळेवर गेला. शाबासकी वगैरे कुणी दिली नाही, पण त्या आठवड्यापासून एडिटरनं त्याला शेजारी बसवून छोटे सीन कापायला दिले.

मुलांनो, एडिटिंगचं सॉफ्टवेअर तुम्ही मोबाईलवर बघून महिन्याभरात शिकाल. दोन दिवसांची शंभर माणसांची मेहनत तुमच्या हातात निर्धास्तपणे द्यावी असा भरवसा मात्र उमेदवारीतच तयार होतो. त्याला वेळ लागतो आणि त्यात कंटाळा असतो.

आता पालकांसाठी, आणि हे जास्त महत्त्वाचं. हा मुलगा आधी ज्या एका ठिकाणी होता, तिथं त्याला तीन महिने एक रुपया मिळाला नाही. ‘शिकतोयस ना, मग पैसे कसले?’ असं उत्तर मिळालं. सकाळी दहाला जायचा, रात्री दोनला यायचा. कागद मागितला तर कागदच नाही. आपल्याकडची पोरं मुंबईत चार जण मिळून एका खोलीत राहतात. घरी सांगायला लाजतात, कारण गावात सगळ्यांना सांगितलेलं असतं की पोरगा टीव्हीत आहे.

आपल्या देशात शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. त्यानुसार करार लेखी लागतो, त्याची नोंदणी होते आणि दरमहा विद्यावेतन द्यावं लागतं. २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधरासाठी ते किमान ९,००० रुपये ठरवलं होतं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्याखाली चारपर्यंत माणसं असतील तर ऐच्छिक. गोम इथंच आहे. पुष्कळ एडिट स्टुडिओ दहा-पंधरा माणसांचे असतात. ते मुलांना नुसते ‘इंटर्न’ म्हणून ठेवतात आणि कायद्याचा कागद होतच नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या कायद्यात शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा मानला जातो. मग शिकवणार कोण आणि काय, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच.

म्हणून मुलगा किंवा मुलगी निघाली की पाच गोष्टी विचारा. विद्यावेतन किती आणि कुठल्या तारखेला? मुदत किती महिन्यांची? कुठल्या एडिटरच्या हाताखाली? रात्री उशीर झाला तर घरी पोचवायची सोय काय? आणि संपल्यावर कामाचं पत्र मिळणार का? उत्तरं लेखी घ्या, निदान ई-मेलवर तरी. बिनकागदाचं कर्ज आम्ही कधी दिलं नाही, मग आपलं पोर बिनकागदाचं का द्यायचं?

दुसऱ्या ठिकाणी जाताना नातवानं हे प्रश्न विचारले. तिथल्या मॅडमनी पंधरा मिनिटांत पत्र टाईप करून दिलं. पैसे फार नव्हते, पण सात तारखेला खात्यात येत होते. आज तो त्याच ठिकाणी सहायक एडिटर आहे. घर चालवण्याएवढं मिळतं, झोप मात्र अजून कमीच.

ज्या घरांत वाद चालू आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. नको म्हणू नका, आणि नुसतं ‘जा’ म्हणूनही मोकळे होऊ नका. वर्षभराच्या खोलीभाड्याची तजवीज करा, कागद बघा, आणि पहिले सहा महिने ‘टीव्हीवर नाव कधी येणार?’ हे विचारू नका. मुलांपैकी कुणाला नातवाशी बोलायचं असेल तर माझ्याकडं या, मी फोन लावून देईन. फक्त रविवारी दुपारी, कारण इतर वेळी तो एकतर कामात असतो, नाहीतर झोपेत.

सचिव घड्याळ दाखवतायत. एवढं बोलून थांबतो.