चेंडू खेळणारा यंत्रमानव : खर्च की गुंतवणूक?

पहिली रोबोकप स्पर्धा १९९७ साली जपानमधील नागोया येथे झाली. सन २०५० पर्यंत विश्वविजेत्या फुटबॉल संघाला हरवील असा यंत्रमानवांचा संघ घडविणे, हे तिचे उद्दिष्ट. २०११ मध्ये इस्तंबूल येथे अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘चार्ली-२’ प्रौढ आकाराच्या गटात विजयी ठरला. कॅमेऱ्याने चेंडू हेरणे, एका पायावर तोल सावरून दुसऱ्याने तो टोलवणे, ही कामे त्याने स्वयंचलितपणे केली.

अशा खेळावर पैसा का खर्चावा? यंत्र काही वर्षांत कालबाह्य होते. ते जुळवताना विद्यार्थ्यांनी संपादन केलेले कौशल्य मात्र पुढे उद्योगात व संशोधनात उपयोगी पडते. अर्थशास्त्र यालाच मानवी भांडवल म्हणते. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेवरील खर्च हा उपभोग नव्हे, गुंतवणूक होय.