रावळगावची गोळी
अहिल्यानगर जिल्ह्यातील राजूर पेढ्यांसाठी ओळखले जाते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील रावळगावाची ख्याती मात्र कारखान्यात घडलेल्या गोडीवर उभी राहिली. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये तेथे ‘रावळगाव शुगर फार्म’ ही कंपनी स्थापन केली आणि १९४२ पासून गोळ्या, म्हणजे पाक आटवून कडक केलेली साखर, बाजारात आणल्या. सुट्या नाण्यांत विकल्या जाणाऱ्या मालाचा भाव वाढवणे अवघड असल्याने, कच्चा माल, इंधन आणि मजुरी महागताच नफा आटला. २०२४ मध्ये ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ इत्यादी व्यापारचिन्हे, म्हणजे कायद्याने संरक्षित नावे, रिलायन्स समूहाच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतली. जमीन व यंत्रसामग्री जुन्या कंपनीकडेच राहिली, आणि ‘रावळगाव’ हे नाव बाजारात टिकले.