दूरची कळ आणि जवळची खबर



ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांना वंदन करून विषयाला आरंभ करतो. घर किंवा पाणी तापविणारे उपकरण मोबाईल फोनवरून दूर बसून चालविणे, हा आजचा विषय. थंड देशांत सबंध घर उबदार ठेवणारी यंत्रणा असते; आपल्या भोपाळात पौष-माघाच्या थंडीत एखादा हीटर आणि न्हाणीघरातील गीझर एवढ्यावर भागते. परंतु त्या गीझरची कळ आता पुण्यात किंवा अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाच्या हाती जाऊ शकते. म्हणून प्रश्न असा की, दूरवरून हुकूम सोडणाऱ्याला हुकूम जेथे पोहोचतो तेथली खबर कितपत असते?

या विद्येचा एक उगम शाळेतच आहे, हे ऐकून आपणांस आनंद होईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. भट्टी तळघरात आणि वर्ग वर, अशी तेथील रचना. वर्ग थंड आहे की फार तापला आहे, हे पाहण्यासाठी शिपायाला प्रत्येक खोलीत शिरावे लागे आणि शिकविण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी विजेवर चालणारे एक उपकरण योजले. खोलीतील तापमान ठरावीक मर्यादेबाहेर गेले की तळघरात घंटा वाजे आणि शिपाई हवेची झडप उघडी वा रीत. या उपकरणाचे पेटंट त्यांना १८८३ साली मिळाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या यंत्राने हुकूम पाठविला नाही. त्याने प्रथम खबर पाठविली. कृती करणाऱ्याला आधी वस्तुस्थिती कळली पाहिजे, हा क्रम त्या शिक्षकाने अचूक ओळखला होता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. तेथे दूरनियंत्रणाची खरी निकड घरापेक्षा शेतात भासली. भारनियमनामुळे शेतीची वीज पुष्कळदा मध्यरात्री येते. मग अंधारात, विंचू-साप चुकवीत विहिरीपर्यंत जायचे आणि मोटार सुरू करायची, हा शेतकऱ्याचा नित्यक्रम. तो टाळण्यासाठी अनेकांनी ‘ऑटो स्विच’ बसविले; वीज आली की पंप आपोआप सुरू. परंतु एकाच क्षणी सगळ्या शिवारातील पंप सुरू झाले की रोहित्रावर भार येऊन ते जळते. शिवाय पिकाला पाणी पुरे झाले तरी पंप चालूच राहतो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास निष्कारण चालला तर तीस युनिटांहून अधिक वीज आणि भूगर्भातील मोलाचे पाणी वाया जाते.

भारतात मोबाईल फोनवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी तेव्हाच्या कलकत्त्याहून दिल्लीशी झाले. पुढे याच साधनाचा उपयोग पुण्याचे विद्युत अभियंता संतोष ओस्तवाल यांनी शेतीपंपासाठी केला. त्यांचे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण पंपाच्या स्टार्टरला जोडले जाते. शेतकरी घरून फोन लावतो, सांकेतिक आकडे दाबतो आणि पंप सुरू किंवा बंद करतो. तेथे वीज आहे की नाही, पंप चालू आहे की बंद, हेही त्याला फोनवर उमगते. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत या उपकरणाला पुरस्कार मिळाला. ऑटो स्विच आणि हे उपकरण यांतील भेद मला मोलाचा वाटतो. पहिल्यात केवळ आंधळी कृती आहे. दुसऱ्यात खबर आहे, आणि खबरेमुळे थांबण्याची सोय आहे.

हाच न्याय गीझरला लावून पाहू. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे पाऊण युनिट वीज लागते. दोन किलोवॉटच्या गीझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटे पुरतात. म्हणजे फोनवरून वाचणारा वेळ तेवढाच. खरा लाभ आहे तो चालू राहिलेला गीझर बंद करता येण्याचा. मात्र गीझरमधील तापनियंत्रक, अतितापाला वीज तोडणारी कळ आणि दाब सोडणारी झडप या रक्षकांवर फोनची सत्ता कदापि चालता कामा नये. दूरसंपर्क तुटला तर यंत्र सुरक्षित अवस्थेत थांबले पाहिजे. आणि घरात बसलेल्या वृद्ध आईला भिंतीवरची कळ दाबून मुलाचा हुकूम सहज रद्द करता आला पाहिजे. गारठा तिला जाणवतो, चटकाही तिलाच बसतो. अखेरचा अधिकारही तिचाच.

श्रोतेहो, हे मी भोपाळात बोलत आहे, आणि येथे या गोष्टीला निराळे वजन आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि आतील द्रव तापत गेला. तो थंड राखणारी यंत्रणा आधीपासून बंद होती. दाब वाढल्याचे मापकावर दिसले. परंतु मापके वारंवार चुकत असल्यामुळे त्या आकड्यावर वेळीच विश्वास बसला नाही. नागरिकांना सावध करणारा भोंगा प्रारंभी थोडा वेळ वाजून बंद झाला. सुमारे ४० टन विषारी वायू निद्रिस्त वस्त्यांवर पसरला आणि हजारो माणसे मेली. आत काय घडते आहे याची विश्वसनीय खबर आतल्यांना नव्हती आणि बाहेरच्यांना तर मुळीच नव्हती. गीझर आणि तो कारखाना यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण उष्णतेवर सत्ता चालविणाऱ्याने मापक खरे ठेवावे, थंड करण्याची सोय जागती ठेवावी आणि शेजाऱ्याला वेळेवर हाक द्यावी, हा धडा लहानमोठ्या सर्व यंत्रांना सारखाच लागू आहे.

येथील विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे अभियंते होतील. त्यांना माझी विनंती आहे की, उपकरण रचताना हुकूम किती दूरवर पोहोचतो हे शेवटी मोजा. प्रथम विचारा: तेथून खबर परत येते का, ती खरी आहे का, आणि जो माणूस प्रत्यक्ष तेथे आहे त्याला ‘थांब’ म्हणता येते का? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तरच दूरची कळ दाबण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.