पास बरोबर होता

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"शाळेनं काय दिलं ते दहा मिनिटांत सांग," असं संयोजकांनी मला बजावलं आहे. शिस्त, संस्कार, गुरुजनांचा धाक हे माझ्या आधीच्यांनी छान सांगितलं. मी बास्केटबॉलमधल्या एका नियमाबद्दल बोलणार आहे. हसू नका. त्या नियमापायी माझ्याकडे एक देणं तीस वर्षं थकलं आहे आणि जिचं देणं आहे ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आपल्या सांगवीत खेळ म्हणजे खो-खो आणि कबड्डी. बास्केटबॉलचा खांब मैदानाच्या कडेला उभा होता, पण मुरमाच्या जमिनीवर चेंडूचा टप्पा कुठे जाईल याचा नेम नसायचा. पी.टी.च्या सरांनी आम्हा खो-खोच्या पोरींमधूनच संघ केला. आम्ही पळण्यात पटाईत होतो आणि नेमकी तीच अडचण होती. खो-खोत थांबली ती गेली. इथे मात्र चेंडू हातात आला की पळायचं नाही.

सर सांगायचे, "खळ्यातला तिवडा बघितलाय ना? बैल फिरतात, तिवडा जागचा हलत नाही. चेंडू हातात आला की तुमचा एक पाय तिवडा." आम्ही फिदीफिदी हसायचो. मी तर जास्तच, कारण मला वाटायचं की मला सगळं कळलंय.

नववीत बारामतीला सामन्यांना गेलो. शेवटचं मिनिट होतं आणि आम्ही एका गुणानं मागे. माझ्या मैत्रिणीनं मला बास्केटजवळ पास दिला. मी चेंडू घेऊन निघाले आणि शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हलिंग! चेंडू समोरच्या संघाला गेला, सामनाही गेला.

परतताना एस.टी.त सगळ्यांसमोर मी म्हणाले, "हिनं पास वेडावाकडा टाकला, म्हणून माझा पाय हलला." ती काहीच बोलली नाही, खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून सरावाला यायची बंद झाली. दहावीचं अख्खं वर्ष आम्ही एका वर्गात होतो, पण एका बाकावर बसलो नाही.

पुढे मी पुण्याला इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, संसार झाला. माझी मुलगी आता बास्केटबॉल खेळते. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, हे तिला तोंडपाठ. गेल्या वर्षी तिच्या प्रशिक्षकांनी पालकांना गुणलेखनाला बसवलं, म्हणून मी पहिल्यांदा नियम नीट वाचले.

नियम असा आहे. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू झेलला, तर कुठलाही एक पाय उचलता येतो. एक उचलला की दुसरा आपोआप तिवडा होतो. तो जागच्या जागी फिरवता येतो, सरकवता येत नाही. टप्पा मारत पुढे जायचं असेल, तर तिवड्याचा पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. पास द्यायचा किंवा बास्केट करायची असेल, तर तो पाय उचलून उडीही मारता येते. मात्र पाय परत टेकण्याआधी चेंडू हातातून गेलेला हवा.

धावत चेंडू घेतला तर दोन पावलांची मुभा असते. टीव्हीवर कधी कधी तीन पावलं पडलेली दिसतात आणि आपण ओरडतो. आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिबानं, २०१७ साली हे स्पष्ट केलं. धावताना चेंडू ताब्यात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर असेल तो मोजायचा नाही. त्यानंतर टेकेल ते पहिलं पाऊल, मग दुसरं. आणि धावत झेललेल्या चेंडूचा टप्पा सुरू करायचा असेल, तर दुसरं पाऊल टेकण्याआधी चेंडू सुटायला हवा.

मुळात हा नियम हवाच कशाला? १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी हा खेळ तयार केला. हिवाळ्यात मुलांना बंदिस्त जागेत खेळवायचं होतं. चेंडू घेऊन पळू दिलं, की बाकीचे त्याला धरून पाडणार आणि टणक जमिनीवर हातपाय मोडणार. म्हणून त्यांच्या १३ नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. वेगात धावत झेलणाऱ्याला मात्र थांबायला थोडी सवलत दिली होती. आजच्या दोन पावलांचं मूळ त्या सवलतीत आहे.

हे सगळं वाचलं त्याच आठवड्यात मुलीच्या सामन्यात शिट्टी वाजली. तिनं उभ्यानं चेंडू झेलला, डावा पाय पुढे टाकला आणि चेंडू हातातच असताना उजवाही उचलला. घरी येताना ती गाडीत म्हणाली, "आई, पासच नीट नव्हता."

मी गाडी बाजूला घेतली. मला बारामतीचं मैदान जसंच्या तसं दिसलं. माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. चेंडू बरोबर छातीशी आला होता. झेलायला मला एक इंचही हलावं लागलं नव्हतं. मी डावा पाय टाकला आणि टप्पा मारण्याआधीच उजवा उचलला, कारण मला घाई झाली होती. पंच बरोबर होते, पासही बरोबर होता.

आमच्या कामात प्रोग्रॅम बंद पडला, की नवशिके आधी दुसऱ्याच्या कोडवर बोट ठेवतात. मी त्यांना रोज सांगते, पहिल्यांदा स्वतःच्या ओळी तपासा. स्वतःची ही एक ओळ तपासायला मला तीस वर्षं लागली.

आज सकाळी शाळेच्या मैदानावर मुली सराव करत होत्या. मी त्यांना तीन गोष्टी दाखवल्या. झेलताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर एकदम उतरा, म्हणजे कुठलाही पाय तिवडा करता येतो. निघताना आधी चेंडू, मग पाय. आणि रोज पाच मिनिटं नुसतं एका पायावर चारी दिशांना फिरा, चेंडू छातीशी धरून. एकीनं विचारलं, "ताई, तिवडा म्हणजे काय?" आता खळीच राहिली नाहीत, तिला कुठून माहीत असणार? मग तिच्या कंपासपेटीतला कंपास काढून दाखवला. टोक रुतलेलं, पेन्सिल फिरते. तिला लगेच कळलं.

सर, तुम्ही सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

आणि अगं, तिसऱ्या रांगेतल्या बाई, तुझं नाव घेत नाही, नाहीतर उठून जाशील. एस.टी.त मी सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून आज सगळ्यांसमोरच सांगते. तुझा पास बरोबर होता. पाय माझा हलला होता. मला माफ कर. जेवायला माझ्या शेजारी जागा धरली आहे, तिथे येऊन बस.