आईला बाळापासून तोडू नका

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



व्यसनाचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'हराम आहे' आणि 'घराबाहेर काढा'. पहिल्यावर माझा वाद नाही. दुसऱ्याबद्दल मला बोलायचं आहे, आणि तेही नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बाजूने.

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. एकदा एक बाळ दोन दिवसांचं होतं. थरथरायचं, किंचाळायचं, दूध ओढायचं नाही. आम्ही जंतुसंसर्ग शोधत होतो. तिसऱ्या दिवशी आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "आपा, पोटुशी असताना मी खोकल्याचं औषध प्यायचे. रोज, बाटल्याच्या बाटल्या. सासूला सांगू नका." तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर बाळाला विनाकारण सुया टोचाव्या लागल्या नसत्या. पण सांगायची हिंमत आपण तिच्यात ठेवली होती का?

त्या बाळाचं काय झालं होतं ते समजून घ्या. अशा काही औषधांत कोडीन असतं. यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं. मॉर्फिन वारेतून बाळापर्यंत जातं आणि मेंदूतल्या ठरावीक जागांवर बसून मज्जातंतूंचा वेग कमी करतं. हे रोज घडलं की मेंदू त्या ब्रेकशी जुळवून घेतो, स्वतःचा जोर वाढवतो. मग जन्म होतो, नाळ कापली जाते, ब्रेक एकदम सुटतो आणि वाढलेला जोर उरतो. म्हणून थरथर, घाम, जुलाब, झोप नाही. हे बहुधा पहिल्या तीन दिवसांत दिसतं. अशा बाळाला 'व्यसनी' म्हणणं चूक आहे. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही त्या पदार्थामागे धावणं. बाळ कशामागेही धावत नाही. त्याच्या शरीराला फक्त सवय झालेली असते.

मग उपाय काय? 'आजपासून बंद' हा नव्हे. गरोदरपणात अफूवर्गीय पदार्थ एकाएकी तोडले, तर बाई पुन्हा त्याकडे वळण्याचा धोका मोठा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देखरेखीखाली चालू ठेवण्याचा सल्ला दिला. या दोन औषधांची तुलना 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या मातांच्या बाळांना सरासरी 1.1 मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, मेथाडोनच्या गटात 10.4. दवाखान्यातला मुक्काम 10 दिवस विरुद्ध साडेसतरा. मात्र ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातल्या जास्त बायकांनी उपचार मध्येच सोडले. संशोधन असंच असतं, दोन्ही बाजू सांगतं. मालेगावात जिला 'कुत्ता गोली' म्हणतात, ती अल्प्राझोलाम. ती वेगळ्या प्रकारची गोळी आहे. रोज घेणाऱ्याने अचानक सोडली तर झटके येऊ शकतात. तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची.

बाळांसाठी पूर्वी लक्षणांची लांबलचक यादी करून गुण मोजायचे आणि त्यावरून मॉर्फिन द्यायचे. अमेरिकेतल्या येल इथले डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे प्रश्न विचारले. बाळ पितं का? झोपतं का? समजावलं की शांत होतं का? मंद उजेड, छातीशी कवटाळणं, आईचा सहवास हाच पहिला उपचार. 2023 मध्ये 26 रुग्णालयांतल्या 1,305 बाळांवरचा अभ्यास आला. जुन्या पद्धतीत बाळ घरी जाण्याइतकं बरं व्हायला सरासरी 14.9 दिवस लागत होते, नव्या पद्धतीत 8.2. औषध लागणाऱ्या बाळांचं प्रमाण 52 टक्क्यांवरून साडेएकोणीसवर आलं.

म्हणजे आपण जिला घराबाहेर काढा म्हणतो, तिची कूस हाच बाळाचा मोठा उपचार आहे.

आणखी एक गोष्ट. 1980 च्या दशकात अमेरिकेत कोकेन घेणाऱ्या, विशेषतः काळ्या, मातांची मुलं कायमची वाया गेली असा गवगवा झाला. आयांवर खटले भरले, मुलं काढून घेतली. फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी अशी मुलं आणि त्याच गरीब वस्त्यांतली इतर मुलं वीस वर्षांहून अधिक काळ तपासली. दोन्ही गटांची बुद्धी जवळपास सारखीच निघाली, आणि दोन्ही सरासरीपेक्षा मागे. खरा घाव गरिबीचा होता. बदनामी एका समाजाच्या बायकांची झाली. आपल्या समाजाला हा अनुभव समजावून सांगायला नको.

आपण तलाकच्या प्रश्नावर पुरावा मागायला शिकलो, इथेही मागू या. तुमच्या घरात, गल्लीत कोणी अडकलं असेल तर ओरडण्याआधी 14446 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. गरोदर बहीण, वहिनी असेल तर तिच्यासोबत दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खरं सांगायला तिला बळ द्या. तौबाचं दार शेवटपर्यंत उघडं असतं असं आपण मानतो. मग घराचं दार आपण कोणत्या अधिकाराने बंद करतो?